नॉर्वेत ई-बाईकवर निवांत फिरायचंय? किलोमीटर नव्हे, चढ आणि वारा मोजा

नॉर्वेच्या फ्योर्डकाठी ई-बाईकवर फिरायचा बेत आखणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीचे असतात. एका चार्जमध्ये बाईक किती किलोमीटर जाते, रोज किती अंतर ठेवावं, आठ दिवसांत किती प्रदेश बघून होईल. हे प्रश्न सपाट देशासाठी योग्य आहेत. नॉर्वेत मात्र ते तुम्हाला चुकीच्या रस्त्यावर नेऊन सोडतात, कारण तिथे दिवस सुखाचा जाणार की दमछाकीचा, हे अंतरावर ठरत नाही. ते ठरतं रस्ता किती मीटर चढतो, वारा कुठून येतो आणि वाटेत सायकलींना बंदी असलेला बोगदा आहे का, यावर. या तीन गोष्टी आधी पाहिल्या, तर साठीतल्या, रोजची सवय नसलेल्या माणसालाही हा प्रवास झेपतो. न पाहिल्यास धडधाकट तरुणही संध्याकाळी बाईक ढकलत मुक्कामाला पोचतो.

आधी बॅटरीचा हिशेब नीट समजून घ्या

तुमचं वजन ७५ किलो, ई-बाईक २५ किलो आणि सामान १० किलो धरा. हे ११० किलो एक हजार मीटर उंच न्यायला, हवा आणि घर्षण बाजूला ठेवलं तर, सुमारे ३०० वॉट-तास ऊर्जा लागते. भाड्याने मिळणाऱ्या बाईकची बॅटरी साधारण ४०० ते ६०० वॉट-तासांच्या घरात असते. निम्मा भार तुमच्या पायांनी उचलला, तर मोटरच्या वाट्याला १५० वॉट-तास येतात आणि मोटरमध्ये वाया जाणारा भाग धरला तरी खर्च २०० च्या आसपास राहतो. म्हणजे हजार मीटरचा चढ ऐकायला भीतिदायक वाटला तरी बॅटरीला तो जड नाही. आता सपाट किनाऱ्याचा हिशेब करा. तुम्ही ताशी १८ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून सेकंदाला ८ मीटर वेगाने वारा येतो आहे, जो नॉर्वेच्या किनाऱ्यावर अजिबात विशेष नाही. अशा वेळी हवेचा अडथळा शांत हवेच्या तुलनेत जवळजवळ पावणेसात पट होतो. ताठ बसून चालवणाऱ्याला असे ३० किलोमीटर कापायला निव्वळ हवेशी झुंजण्यातच ५०० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा लागते. एकाही चढाविना गेलेला दिवस हजार मीटर चढणाऱ्या दिवसापेक्षा महाग पडतो, तो असा.

म्हणून बेत आखताना प्रत्येक टप्प्यासमोर किलोमीटरच्या आधी एकूण चढाचे मीटर लिहा. मध्यम मदतीवर दर १०० मीटर चढाला २० वॉट-तास धरले, तर अंदाज फारसा चुकत नाही. मग नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था एनआरके मिळून चालवत असलेल्या ‘यर’ या सेवेवर आदल्या रात्री वारा पाहा. तिथे वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. आकडा ८ च्या वर आणि दिशा समोरची असेल, तर टप्पा अर्धा करा किंवा उलट्या दिशेने जा. मुक्कामाला पोचाल तेव्हा बॅटरी एक तृतीयांश उरली पाहिजे, असा बेत ठेवा. हँडलवरच्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’वर विसंबू नका. तो आकडा बहुतेक बाईकवर मागच्या काही किलोमीटरांच्या खर्चावरून काढलेला असतो. लांब उतार संपतो तेव्हा तो भरमसाट फुगतो आणि पुढच्या चढाला लागताच डोळ्यांदेखत कोसळतो.

यावर कोणी म्हणेल की मग जास्तीची बॅटरी घ्यावी, प्रश्न मिटला. जास्तीची बॅटरी म्हणजे तीनेक किलो वजन वाढतं, आणि पावसाने गारठलेले हात, ओली खडी, बंद बोगदा यांवर तिचा काही उपयोग नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढा खर्च करून इतक्या लांब जायचं आणि दिवसाला ३० ते ४० किलोमीटरच करायचे? त्याचं उत्तर ई-बाईकच्या खऱ्या गुणात आहे. साध्या सायकलवर चढाच्या मध्यात थांबणं जिवावर येतं, कारण पुन्हा सुरुवात करायला सगळा जोर लावावा लागतो. ई-बाईकवर थांबणं फुकट असतं. धबधब्यापाशी थांबा, मेंढ्यांना रस्ता ओलांडू द्या, फ्योर्डवर ढग उतरताना बघत बसा, पुन्हा दोन पेडल मारली की बाईक निघते. मोठं अंतर ठरवून ठेवलंत, तर ज्या सोयीसाठी जास्त भाडं मोजलं, तीच तुम्ही स्वतःहून सोडून देता. जूनच्या लांब उजेडात तर घाईचं कारणच उरत नाही.

बोगदे टाळा, जुने रस्ते शोधा

नॉर्वेत हजाराहून अधिक रस्ता-बोगदे आहेत आणि त्यांपैकी कित्येकांत सायकलींना मज्जाव आहे. ओस्लो-बर्गन मार्गावरचा लॅरडाल बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे, तिथे सायकल नेता येत नाही. फ्लोम ते गुडवांगेन हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं, पण मधले दोन्ही लांब बोगदे सायकलस्वारांना बंद आहेत. तिथे मार्ग एकच: बोट. ही बोट नॅरॉयफ्योर्डमधून जाते, जो २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा या सक्तीबद्दल कोणी तक्रार करणार नाही. मात्र बोटीची वेळ माहीत नसली, तर दिवस वाया जातो. फोनवरचा नकाशा बोगद्याची बंदी दर वेळी दाखवेलच असं नाही. नॉर्वेच्या रस्ते विभागाचा सायकलस्वारांसाठीचा बोगद्यांचा नकाशा निघण्यापूर्वी पाहून घ्या. रस्त्यावरची खूण अशी: लाल कडेचा गोल फलक आणि आत सायकलीचं चित्र. आपल्याकडच्या फलकासारखी तिरपी रेघ त्यावर नसते, त्यामुळे नवख्याला तो ‘सायकलींसाठी रस्ता’ असा वाटू शकतो. त्याचा अर्थ नेमका उलटा आहे.

याच बोगद्यांनी सायकलस्वारांचं भलंही केलं आहे. नवा बोगदा डोंगराच्या पोटातून गेला की कड्याला वळसा घालून पाण्याकाठी जाणारा जुना रस्ता मागे उरतो, आणि त्यावरची बहुतेक वाहनं निघून जातात. गाडीतल्या पर्यटकाला जिथे पाच मिनिटं पिवळे दिवे दिसतात, तिथे तुम्हाला अख्खा फ्योर्ड दिसतो. नॉर्वेतल्या सायकलच्या बऱ्याच उत्तम वाटा अशाच, वेगवान वाहतुकीने मागे टाकलेल्या आहेत. जुन्या रस्त्यावर दरड कोसळलेली असू शकते, तेव्हा तो सुरू आहे की नाही हे आदल्या मुक्कामी विचारून घ्या.

कुठे जावं

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फ्लोम हे ठाणं धरावं, असं माझं मत आहे. ओस्लो-बर्गन रेल्वे १९०९ मध्ये सुरू झाली. ती बांधताना मजूर आणि सामान नेण्यासाठी डोंगरातून जो रस्ता काढला, तो आज रालारवेगेन नावाने ओळखला जातो आणि १९७४ पासून सायकलमार्ग म्हणून वापरात आहे. हाउगास्टोलपासून फ्लोमपर्यंत तो सुमारे ८० किलोमीटर आहे. साधारण एक हजार मीटर उंचीवरून निघून तो १,२२२ मीटरवरच्या फिन्से स्थानकापाशी येतो, १,३४३ मीटरचा सर्वोच्च बिंदू ओलांडतो आणि मग मिर्दालवरून थेट समुद्रसपाटीला उतरतो. आकडे वाचून वाटतं की उतारच जास्त, म्हणजे सोपा रस्ता. वरचा भाग मात्र मोठाल्या दगडांच्या खडीचा आहे, तिथे हात आणि पाठ दुखते, आणि फिन्सेच्या पुढे ऐन जुलैतही बर्फाचे पट्टे पडलेले असतात. एका दिवसात तो उरकण्याचा मोह टाळा. फिन्सेला मुक्काम करून दोन दिवस द्या.

तेवढंही नको असेल, तर फक्त फ्लोमची दरी करा. गावातून निघून नदीकाठाने वर चला. सतराव्या शतकातलं तपकिरी लाकडी चर्च, शेतं, रिओआंदेफॉसेन धबधबा हे ओलांडत निम्म्या वाटेवरच्या बेरेकवामपर्यंत जा, जे साडेतीनशे मीटरच्याही खाली आहे. तिथून परत फिरा. चढ हळूहळू वाढतो, वाहनं अगदी कमी, आणि बॅटरीचा निम्मा भागही खर्च होत नाही. पूर्ण दरी बघायची असेल, तर रेल्वेने मिर्दालला चढून खाली येता येतं. तिथला घाट २१ वळणांचा आहे आणि त्याबद्दल पुढे वेगळं लिहितो आहे.

टेलेमार्क कालव्याची वाट मला त्याहूनही निवांत वाटते, पण ती चुकीच्या समजुतीने निवडली जाते. शीएन ते डालेन असा १०५ किलोमीटरचा हा जलमार्ग १८९२ मध्ये पूर्ण झाला. पाणी भरून बोट उचलणाऱ्या १८ कोठ्यांतून, म्हणजे जलपाशांतून, बोटी ७२ मीटर वर चढतात. व्रांगफॉसला पाच कोठ्यांमधून बोट पायरी-पायरीने उचलली जाते, ते काठावर बसून पाहण्यासारखं आहे. कालव्याच्या काठचा रस्ता सपाटच असणार, असं गृहीत धरून लोक येतात. पाणी सपाट आहे, रस्ता नाही. पश्चिमेकडच्या तलावांजवळ चांगले चढ आहेत. म्हणून एक टप्पा बाईकवर आणि एक टप्पा बाईकसह बोटीत, असं वाटून घ्या. बोटीतली सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते.

स्टावांगरच्या दक्षिणेचा यॅरेन किनारा खरोखर सपाट आहे: वाळूचे किनारे, दगडी बांध, दीपगृहं. तिथे शत्रू वारा. जमेची बाजू ही की स्टावांगर ते एगरसुंड लोकल रेल्वे जवळपास समांतर जाते. सकाळी वाऱ्याची दिशा बघा, रेल्वेने वाऱ्याच्या उगमाकडे जा आणि वारा पाठीवर घेऊन परत या. लोफोटेनची छायाचित्रं पाहून अनेकांना तिथे जावंसं वाटतं. प्रदेश अप्रतिम आहे, पण मुख्य रस्ता अरुंद आणि जुलैत कॅम्पर गाड्यांनी भरलेला. पहिल्या प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही.

कधी जावं

महाराष्ट्रातली शाळांची सुटी आणि नॉर्वेचा सायकलीचा मोसम जुळत नाहीत. मे महिन्यात डोंगरावरचे रस्ते बर्फाखाली असतात. तेव्हाच जाणं भाग असेल, तर हारडांगर फ्योर्डच्या काठाने फळबागांना बहर आलेला असतो, तो समुद्रसपाटीचा प्रदेश निवडा. दिवाळीच्या सुटीचा विचार सोडून द्या, तोवर उजेड आखडतो आणि अनेक सोयी बंद होतात. मध्य जून ते सप्टेंबरची सुरुवात हा खरा काळ. रालारवेगेन सहसा जुलैच्या मध्यानंतरच सलग जाण्याजोगा होतो. ऑगस्टच्या मध्यानंतर नॉर्वेतल्या शाळा सुरू होतात आणि गर्दी ओसरते. पाऊस कोणत्याही महिन्यात गृहीत धरा. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईच्या जवळपास तितकाच, पण बारा महिन्यांत विभागलेला आणि गार. आपल्याकडचा पातळ रेनकोट तिथे पुरत नाही. जलरोधक हातमोजे आणि बुटांवरची आवरणं ही चैन नाही, गरज आहे.

बाईक ताब्यात घेताना

स्वतःची ई-बाईक विमानाने नेण्याचा विचार करू नका. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-बाईकची बॅटरी त्याच्या तिप्पट असते. भाड्याचीच घ्यावी लागते. दुकानातून निघण्यापूर्वी पंधरा मिनिटं या गोष्टींना द्या:

- दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बाईक ढकलून पाहा. पॅड झिजलेले असतील तर बदलून मागा.
- बॅटरी स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवा. किल्ली आणि चार्जर दोन्ही मिळाले का, हे बघा. थंड रात्री बॅटरी आत ठेवावी लागते.
- मुक्कामी बॅटरी कुठे चार्ज करायची, हे विचारून ठेवा. काही हॉटेलांत खोलीत चार्जिंगला मनाई असते.
- बाईकवरचे जुने ओरखडे दुकानदारासमोर फोटोत घ्या. अनामत रकमेचे वाद इथेच होतात.
- एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडता येते का, आणि पंक्चर झाल्यास कोण येतं, हे लेखी घ्या.

खरी काळजी उताराची

चढाची भीती सगळ्यांना असते, ती मोटरने घालवलेली आहे. धोका उतारावर आहे. सामानासकट ३५ किलोची बाईक आणि वर तुम्ही, हे सगळं वजन दोन ब्रेकच्या पॅडवर येतं. बहुतेक ई-बाईक उतारावर बॅटरी भरत नाहीत आणि मोटरने थांबतही नाहीत. मिर्दालच्या २१ वळणांवर रस्ता खडीचा आहे. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला, की चाक खडीवर सरकतं. वेग वळणाच्या आधी कमी करा, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरा, मध्ये थांबून ते गार होऊ द्या. मन साशंक असेल, तर उतरून चाला. त्याच्या वरच्या क्लेवायेलेट या खिंडीत तर सगळ्यांनीच उतरून चालावं. डोंगराळ भागात गुरं अडवायला रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या ओल्या असताना चाक काटकोनात जाईल असं ओलांडा. फाटक उघडलंत, तर मागे लावून घ्या.

रस्त्यावरचे नियम आणि तुमचे हक्क

- ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी, २५० वॉटची, पेडल मारल्यावरच चालणारी बाईक कायद्याने सायकलच मानली जाते. परवाना लागत नाही. मूठ पिळून धावणारी गाडी या सवलतीत बसत नाही.
- वाहतूक उजवीकडून. चूक सहसा निघताना होत नाही, फोटोसाठी थांबून पुन्हा रिकाम्या रस्त्यावर येताना होते. तेव्हा डावीकडे वळण्याची सवय उफाळून येते.
- पादचारी पट्ट्यावर सायकल चालवत गेलात, तर गाडीने तुमच्यासाठी थांबावं, असा हक्क तुम्हाला नाही. उतरून चाललात, तर आहे.
- पदपथावर सायकल चालवता येते, मात्र पादचारी कमी असतील तरच, आणि त्यांच्याजवळून चालण्याच्या वेगाने.
- हेल्मेटची सक्ती नाही. तरीही घाला.
- १९५७ च्या कायद्याने मोकळ्या, लागवड नसलेल्या जमिनीवर सर्वांना फिरण्याचा हक्क आहे. तंबू वसतीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा आणि सखल भागात एका जागी दोन रात्रींपर्यंत. राष्ट्रीय उद्यानांत ई-बाईकसाठी वेगळे निर्बंध असतात, ते फलकावर वाचा.
- तातडीचे क्रमांक: आग ११०, पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३.

आरक्षण, पैसे, विमा

लांब पल्ल्याच्या रेल्वेत सायकलसाठी वेगळं तिकीट आणि आरक्षण लागतं. बर्गन मार्गावर उन्हाळ्यात या जागा लवकर संपतात, तेव्हा आधी रेल्वेतली जागा, मग हॉटेल, असा क्रम ठेवा. रेल्वे रद्द होऊन बस आली, तर तीत सायकल चढेलच असं नाही. फ्योर्ड ओलांडणाऱ्या बहुतेक मोटार-फेरींवर सायकलस्वाराला पैसे पडत नाहीत, वेगवान प्रवासी बोटींवर पडतात. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. अपवाद रस्त्याकडेच्या चेरी-स्ट्रॉबेरीच्या बिनमाणसाच्या टपऱ्यांचा: तिथे स्थानिक फोन-पेमेंट मागतात, जे आपल्याला वापरता येत नाही, म्हणून थोडी नाणी जवळ ठेवा. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच खाणं भरून घ्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. विम्याची फक्त रक्कम पाहू नका. सायकलिंग किंवा ई-बाईक ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली नाही ना, आणि भाड्याच्या बाईकचं नुकसान किंवा चोरी धरलेली आहे का, ही दोन कलमं पॉलिसीत शोधा. सापडली नाहीत, तर विमा कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागवा.

सहल इथल्या कंपनीकडून घेणार असाल, तर रोजचे एकूण चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, बाईकचा प्रकार आणि बॅटरीची क्षमता करारात लिहून घ्या. ‘सोपा मार्ग’ या शब्दांना तक्रारीत काही वजन नसतं, ‘दिवसाला जास्तीत जास्त ५०० मीटर चढ’ याला असतं. कबूल केलेलं मिळालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं, तरी तिकडे जावं लागत नाही. त्यासाठी करार, पावत्या आणि जागेवर काढलेले फोटो परत आल्यावरही जपून ठेवा.